घोड्यांसोबतचा पहिला हिवाळा

आम्ही लंडनजवळचं स्लाऊ सोडलं ते आईच्या नोकरीसाठी, आणि आमच्याबरोबर दोन घोडेही निघाले. हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलं असेल. प्रत्येक वेळी समोरचा माणूस आधी विचारतो, "आईच्या?" आणि मग, "घोडे?" म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. माझी आई जनावरांची डॉक्टर. अकोल्याकडे शिकलेली, कॉलेजात असतानाच घोड्यावर बसायला शिकलेली. लग्न होऊन इंग्लंडला आली तेव्हा इथल्या परीक्षा नव्याने द्याव्या लागणार होत्या. त्या देता देता मी झाले, चालायला लागले, शाळेत गेले, आणि तोवर ती एका कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसून लोकांच्या अपॉइंटमेंट लिहून घेत होती. शेवटची परीक्षा पास झाली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. तिने दिसेल तिथे अर्ज केले. "या" असं उत्तर एकाच ठिकाणाहून आलं, स्कॉटलंडमधून, इन्व्हर्नेसच्याही बरंच वर, जिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. बाबांनी टेबलावर नकाशा पसरला आणि ते गाव शोधायला चष्मा काढून नाक कागदाला टेकवलं.

बाबा हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट होते. शांत, नीटनेटके, थंडीला भिणारे, आणि घोड्यांना त्याहून जास्त. पण आईने इतकी वर्षं काय केलंय हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढली. एक हिवाळा राहून बघायचं. जमलं तर ठीक, नाहीतर मार्चमध्ये परत स्लाऊला, असं दोघांचं ठरलं. मला कोणी विचारलं नाही. मी आठवडाभर खोलीचं दार आपटत फिरले. मग आई म्हणाली, "घोडे तर येतायत ना आपल्याबरोबर?" आणि माझा राग निम्मा झाला.

घोड्यांचंही सांगायला हवं. पेनी म्हणजे शर्यतीतून निवृत्त झालेली घोडी, तांबूस, उंच, लांब पायांची, कातडी इतकी पातळ की माशी बसली तरी थरथरायची. पाय दुखावल्यावर ती कुणाला नको होती. आईने तो पाय बरा केला आणि घोडी ठेवून घेतली. बटाटा हा शेटलंड पोनी, तिला सोबत म्हणून आणलेला. घोडं एकटं राहत नाही. तो माझ्या कमरेइतका उंच, तपकिरी आणि सगळीकडून गोल, म्हणून मी त्याला हे नाव दिलं होतं. स्लाऊच्या टोकाला, गोदामांच्या मागे भाड्याने घेतलेल्या एका कुरणात ते दोघं राहत. डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान जायचं आणि पेनी मानसुद्धा वर करायची नाही.

प्रवासाला दोन दिवस लागले. घोड्यांच्या लॉरीत मी ड्रायव्हर आणि आईच्या मध्ये बसले होते. मागून आमच्या गाडीत बाबा एकटे, आणि त्यांच्या सोबतीला देवांचा डबा, प्रेशर कुकर, मसाल्यांचे डबे आणि सहा कॅन भरून स्लाऊच्या नळाचं पाणी. अनोळखी पाण्याला घोडे तोंड लावत नाहीत, असं आईने सांगितलं होतं. "सहाशे मैल पाणी वाहतोय," बाबा प्रत्येक थांब्यावर म्हणायचे, "ते पण स्लाऊचं." कार्लाइलच्या अलीकडे एका शेतावर आम्ही मुक्कामाला थांबलो. बाबांनी स्वतः कॅन उघडून बादली भरली आणि हात लांब करून पेनीसमोर सरकवली. पेनीने बादलीत नाक घातलं, फुरफुरली, बाबांच्या बुटांवर पाणी उडवलं, आणि अंगणातल्या डबक्यातलं पाणी पोटभर प्यायली. ड्रायव्हर इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. बाबा नाही हसले. त्यांनी कॅनचं झाकण नीट लावलं.

नवं घर दगडाचं होतं, टेकडीच्या उतारावर, समोर पाइनच्या झाडांची दाट रांग. मागे पत्र्याच्या छपराची एक शेड, तोच आमचा तबेला. पेनीला तिथल्या शांततेचीच भीती वाटली. पहिले तीन दिवस ती कान टवकारून उभी होती, जणू विमान येईल म्हणून वाट बघत होती. बटाट्याला मात्र माहेरी आल्यासारखं झालं. पंधरा दिवसांत त्याच्या अंगावर एवढे केस वाढले की डोळे शोधावे लागत.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. आईच्या बुटांचा दगडी फरशीवरचा खाडखाड आवाज. चुलीत कोळसा खाली बसायचा तो आवाज. आणि पोळपाटावर बाबांच्या लाटण्याची लय, कारण आई पहाटेच गाडी घेऊन कुठल्यातरी गोठ्यात गेलेली असायची आणि स्वयंपाकघर बाबांच्या ताब्यात आलं होतं. त्यांच्या पहिल्या पोळ्या मी बटाट्याला दिल्या, तोही विचार करून खायचा. नोव्हेंबर संपेपर्यंत मात्र त्या टम्म फुगायला लागल्या. घोड्यांसाठी आई मोठ्या पातेल्यात जवस शिजवायची आणि त्यात कोंडा आणि गूळ घालायची. घरभर खमंग वास सुटायचा. बाबांनी एकदा त्याच पोत्यातले दोन मुठी जवस भाजून, लसूण आणि तिखट घालून चटणी कुटली. आई जेवताना म्हणाली, "अहो, ही चटणी फक्कड झालीय, जवस कुठे मिळाले?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं. तेव्हापासून पेनी आणि आम्ही एकाच पोत्यातलं खात होतो.

खाली, तीन कुरणांपलीकडे, मिसेस मॅके राहत. सत्तरीच्या, एकट्या, कणखर. त्यांच्या मेंढ्या होत्या आणि दगडी भिंतींचं एक मोठं कोठार होतं. आमची शेड लहान, म्हणून हिवाळ्याचं गवत आम्ही त्यांच्या कोठारात ठेवलं होतं आणि आठवड्याला लागेल तेवढं गाडीतून वर आणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी पोनीचं नाव विचारलं. मी अर्थासकट सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे टॅटी," कारण तिकडे बटाट्याला टॅटी म्हणतात, आणि त्यांच्यापुरता तो कायमचा टॅटी झाला. आई बाबांना "अहो" म्हणून हाक मारते हे ऐकून त्या बाबांना 'मिस्टर अहो' म्हणू लागल्या. बाबांनी कधी दुरुस्त केलं नाही. पण बाबा घोडीलाही भीतीपोटी अहो-जाहो करत. "अहो, जरा सरकता का?" असं ते शेडच्या दारात उभं राहून म्हणायचे. ते ऐकल्यावर मिसेस मॅकेंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्याकडे नवऱ्याचं आणि घोडीचं नाव एकच ठेवतात का?"

हिम आलं ते जानेवारीत. त्याआधी भुरभुर झाली होती, तेवढ्यावर मी शाळेत फुशारकी मारली होती. हे वेगळं होतं. दुपारी आई एका दूरच्या शेतावर गेली, गाय अडली होती. तासाभराने आभाळ खाली आलं आणि ते दोन दिवस वर गेलंच नाही. संध्याकाळी आईचा फोन आला: रस्ता बंद झालाय, गाय आणि वासरू सुखरूप आहेत, मी इथेच राहते. बाबा म्हणाले, "आमची काळजी करू नकोस." फोन ठेवल्यावर त्यांनी शेडच्या दिशेने पाहिलं आणि मला कळलं की त्यांना कुणाची काळजी वाटतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादल्या घ्यायला गेले आणि धावत परत आले. "बाबा, पाणी गोठली."

"गोठलं," बाबा म्हणाले, आणि मग त्यांना अर्थ कळला.

नळ बंद. आम्ही चुलीवर बर्फ वितळवायला लागलो. पातेलंभर बर्फाचं तांब्याभर पाणी होतं हे मी त्या दिवशी शिकले. गवताचा शेवटचा गठ्ठा आदल्या दिवशीच उघडला होता. बाबा अंघोळीचा प्लॅस्टिकचा टब दोरीने ओढत खाली मिसेस मॅकेंकडे गेले आणि अर्धा गठ्ठा घेऊन दोन तासांनी परत आले, मांड्यांपर्यंत ओले, ओठ निळे. तिसऱ्या सकाळी हिम थांबलं होतं, पण शेडचं छप्पर कण्हत होतं. पत्र्यावर हातभर बर्फ बसला होता आणि मधली तुळई वाकलेली स्पष्ट दिसत होती. खाली पेनी अंगावर झूल असूनही एका कोपऱ्यात थरथरत उभी.

आईचा फोन आला. बाबांनी सगळं सांगितलं. पलीकडून आई म्हणाली, "त्यांना खाली कोठारात न्यायला हवं. आत्ता, उजेड आहे तोवर."

"मी?"

"तुम्ही आणि मुक्ता. भिंतीच्या कडेकडेने जा. आणि निघायच्या आधी पेनीच्या खुरांच्या आत काहीतरी स्निग्ध चोपडा. तिला नाल आहेत, बर्फाचे गोळे चिकटतात, मग घोडं उंच टाचांचे बूट घातल्यासारखं चालतं आणि पडतं. व्हॅसलीन, लोणी, काहीही चालेल."

व्हॅसलीनची डबी माझ्या फुटलेल्या ओठांवर संपली होती. लोणी होतं, ते बाबांनी दोनच दिवसांपूर्वी कढवून टाकलं होतं. संक्रांतीच्या गुळपोळ्यांसाठी साजूक तूप, रवाळ, भरलेली बरणी. बाबांनी ती फडताळातून काढली आणि दोन्ही हातांत धरून क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. परवा व्हिडिओ कॉलवर मी त्यांना म्हटलं की मी हे लिहितेय, वाटीभर तूप गेलं असं. ऐंशी ओलांडलेले बाबा लगेच म्हणाले, "वाटीभर नाही. अख्खी बरणी. नीट लिही."

तर अख्खी बरणी. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा घोड्याच्या इतक्या जवळ जाऊन हात लावला. मी पेनीची मोरखी धरून उभी होते. बाबा वाकले आणि म्हणाले, "अहो, पाय देता का जरा?" मी आई करते तसं पायाच्या मागून हात फिरवायला सांगितलं. पेनीने पाय उचलला. बाबांचा चेहरा असा झाला की जणू त्यांना कुणीतरी झोपलेलं तान्हं बाळ धरायला दिलंय. बोटांनी त्यांनी खुराच्या आत तूप भरलं, कडेने, मधे, अगदी मलम लावावं तसं व्यवस्थित. चारही पाय. शेडमध्ये गोठ्याचा आणि पुरणपोळीच्या पानाचा असा मिसळलेला वास पसरला.

आम्ही निघालो. मी बटाट्याला घेऊन पुढे, बाबा पेनीला घेऊन मागे. ऊन पडलं होतं आणि सगळीकडे एवढा उजेड की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. आवाज फक्त आमच्या पायांचा, करकर, करकर. पहिलं कुरण सहज पार पडलं. तूप काम करत होतं. पेनीचं प्रत्येक पाऊल स्वच्छ उठत होतं. दुसऱ्या कुरणातही ती आली, मान खाली घालून, बाबांच्या खांद्याशी नाक ठेवून. खाली मिसेस मॅके कोठाराच्या दारात उभ्या दिसत होत्या. मला वाटलं, झालं की.

शेवटच्या कुरणाच्या तोंडाशी जमीन खोलगट होती. वाऱ्याने भिंतीवरचा सगळा बर्फ तिथे आणून टाकला होता आणि वरून काहीच कळत नव्हतं. बटाटा छातीपर्यंत आत गेला, मला वाटलं आता हा अडकणार, पण तो पोहल्यासारखा उड्या मारत, नाकाने बर्फ उडवत पलीकडे निघाला आणि त्याच्या दोरीला लटकून मीही. मागे वळून पाहिलं तर पेनी पोटापर्यंत रुतली होती. तिने एकदा जोर लावला, दोनदा, आणि मग थांबली. डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. सगळं अंग कापत होतं.

मिसेस मॅके फावडं घेऊन कुरणाच्या भिंतीपर्यंत चढून आल्या आणि पलीकडून ओरडल्या, "तिला थकू देऊ नका. घाबरली तर पाय मोडून घेईल. आधी शांत करा, मग पुढचं खणा." त्यांनी ते कोळशाचं फावडं भिंतीवरून माझ्याकडे फेकलं, मी ते बाबांकडे.

मी वाट पाहत होते की बाबा दोर सोडतील. मला राग आला नसता. पण ते तिच्या मानेजवळ सरकले आणि बोलायला लागले. तो आवाज मी ओळखत होते. हॉस्पिटलच्या खिडकीवर, हातात पाकीट घेऊन घाबरलेल्या माणसांशी ते ज्या आवाजात बोलायचे तोच. "काही घाबरायचं कारण नाही," ते मराठीत सांगत होते, एका हाताने दोर धरून दुसऱ्याने बर्फ उपसत. "ही सकाळी एक. ही रात्री एक, जेवणानंतर. पहिले दोन दिवस जरा गळल्यासारखं वाटेल, मग बरं वाटतं. मध्येच बंद करायची नाही. पाणी भरपूर प्या." पेनीचा एक कान त्यांच्याकडे वळला. मग दुसरा. बाबा खणत राहिले आणि औषधं सांगत राहिले, सर्दीची, सांधेदुखीची, पित्ताची, किती वेळ ते मला माहीत नाही. माझ्या पायांची बोटं मला जाणवेनाशी झाली होती. बटाटा माझ्याशेजारी उभा राहून हाका मारल्यासारखा खिंकाळत होता.

मग बाबा म्हणाले, "चला आता," आणि बाजूला झाले.

पेनी उठली. दुसरा शब्द नाही त्याला. मागच्या पायांवर सगळं अंग तोलून ती त्या खड्ड्यातून वर आली, दोन उड्यांत पलीकडे, आणि तिच्या खांद्याचा धक्का लागून बाबा उताणे बर्फात गडप झाले. दोर त्यांच्या हातातून सुटला. मला वाटलं ही आता पळणार. पण दहा पावलांवर जाऊन ती थांबली, वळली, आणि बाबा जिथे गेले होते त्या भोकाकडे बघत राहिली. भोकातून आधी लोकरी टोपी आली, मग पांढऱ्या भुवया, पांढऱ्या मिशा. आणि मग हसणं. स्लाऊ सोडल्यापासून मी बाबांना असं हसताना ऐकलं नव्हतं. ते उठायचा प्रयत्न करायचे, पुन्हा बसायचे आणि पुन्हा हसायचे. खाली मिसेस मॅके भिंतीवर हात आपटत हसत होत्या. बर्फ किती खोल होता यावरून आमच्याकडे अजून वाद आहे. बाबा गळ्यापर्यंत म्हणतात. आई, जी तिथे नव्हतीच, कमरेपर्यंत म्हणते.

कोठारात आत शिरलो तेव्हा गवताच्या वासाने मला रडू आलं, का ते ठाऊक नाही. मेंढ्यांच्या शेजारी दोन्ही घोडे खायला लागले, आणि दोन घोडे एकाच वेळी गवत चावतात तो आवाज ऐकत बाबा भिंतीला टेकून बसून राहिले. मिसेस मॅकेंनी आम्हाला घरात नेलं, मोजे काढायला लावले आणि मसुराचं सूप दिलं. बाबा शाकाहारी आहेत हे लक्षात ठेवून त्यांनी त्यात हाड घातलं नव्हतं. बाबा दोन वाडगे प्यायले आणि मला हळूच म्हणाले, "आमटीच आहे, फोडणीची राहिलीय." रात्र आम्ही तिथेच काढली आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी तिथल्याच कपाटात सापडलेल्या जिऱ्याची सूपला फोडणी घातली. मिसेस मॅके एक चमचा चाखून थांबल्या, मग पातेलं आपल्या बाजूला ओढून घेतलं.

आई त्या दुपारी आली, बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागोमाग, तीन दिवसांच्या त्याच कपड्यांत. घरात न शिरता थेट कोठारात गेली. पेनीच्या चारही पायांवरून तिने हात फिरवला, छातीला स्टेथोस्कोप लावला, खूर उचलून वास घेतला. मग उठून बाबांचे हात हातात घेतले. बोटांची टोकं लाल होऊन सोलवटली होती. ती एकेक बोट दाबून बघत होती. "दुखतंय?" "नाही." "आता?" "थोडं." मग तिने ते हात सोडलेच नाहीत. मी उगाचच बटाट्याची आयाळ विंचरत बसले.

"वासंती," बाबा म्हणाले, "मला एकदा वर बसवशील का?"

"कुठे वर?"

त्यांनी पेनीकडे मान वळवली.

आईने पेनीला अंगणात आणलं, मिसेस मॅकेंनी दूध काढायचं स्टूल आणून ठेवलं. खोगीर वर घरीच राहिलं होतं, म्हणून झुलीवरच. एका बाजूने आई, दुसऱ्या बाजूने मी, आणि बाबा दोनदा अर्ध्यातून घसरून तिसऱ्यांदा वर पोचले. आयाळ मुठीत घट्ट धरून, डोळे मिटून. अंगणाच्या उत्तरेला वारा अडवायला माणसाहून उंच दगडी भिंत होती. आईने पेनीला हळूहळू त्या भिंतीच्या कडेने चालवलं.

बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "थांब."

"काय झालं? उतरायचंय?"

"समुद्र आहे तिकडे."

आम्ही तिघीही खाली उभ्या, आम्हाला भिंतच दिसत होती. तीन महिने त्या उतारावर राहत होतो आम्ही, पाइनच्या झाडांआड. "निळा नाही," बाबा सांगत होते, "चांदीसारखा. लांब आहे. पण चांगला रुंद आहे."

"समुद्रच असणार," मिसेस मॅके म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटलं, तिथे काय असेल?"

आई म्हणाली, "अहो, उतरा आता, गारठाल."

"अजून एक चक्कर," बाबा म्हणाले.

सोमवारी स्लाऊहून बाबांच्या साहेबांचा फोन आला. मार्चमध्ये नक्की कुठल्या तारखेला हजर होताय, असं ते विचारत होते. बाबा स्वयंपाकघरात उभं राहून बोलले, हात पिठाचे होते म्हणून रिसीव्हर मी धरला होता. मार्चमध्ये नाही जमणार, ते म्हणाले. नाही, त्यानंतरही नाही. इकडे एप्रिलमध्ये मेंढ्या वितात, शेजारच्या बाईंना माणूस लागेल. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि बाबांनी उत्तर दिलं, "नाही, मला त्यातलं काहीच येत नाही," आणि मला मान हलवून खूण केली की आता फोन ठेव, तव्यावर पोळी आहे.